बाईंच्या तीन सह्या

माझी मुलगी पहिली आणि अर्धी दुसरी मोबाईलवर शिकली. शाळा बंद होत्या तेव्हाची गोष्ट. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत खिडकीशी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, पलंगावर ती वर्गात. शिक्षिका स्क्रीनवर शब्द दाखवायच्या, ती ते वहीत जसेच्या तसे उतरवायची. मी मान वळवून तिचं वळणदार अक्षर बघायचे आणि पुन्हा कामात बुडायचे. शाळा उघडल्यावर पहिल्याच पालकसभेला वर्गशिक्षिकांनी मला थांबवून घेतलं.

"हिला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "अक्षर सुरेख आहे. पण ती अक्षरांची चित्रं काढते."

मी सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं काढलेली. मुलांना वाचायला शिकवणारी चार-पाच अ‍ॅप्स त्याच संध्याकाळी फोनवर घेतली. फुगे फुटायचे, तारे मिळायचे, वाघ टाळ्या वाजवायचा. तारे मिळवायची युक्ती मुलीला दोन दिवसांत कळली. वाचन होतं तिथेच राहिलं. ठाकूरद्वारला शिकवणी लावली. डोळे तपासले, कान तपासले. कुठे काही दोष निघेना आणि तिला वाचताही येईना.

त्या उन्हाळ्यात माझी आई नेहमीप्रमाणे लालबागला मसाला कुटून आणायला गेली. तिथे रांगेत तासन् तास बसलेल्या बायका एकमेकींच्या घरातलं सगळं काढतात. आई घरी आली ती शिंकतच, आणि पर्समध्ये एक पत्ता घेऊन.

"महापालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई आहेत. न वाचणारी पोरं वाचायला लावतात म्हणे. फी घेत नाहीत. जाऊन तर बघ."

बाई चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, एकट्याच. गाव मालवणकडचं. यजमान गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. आम्ही गेलो तेव्हा सतरंजीवर पाच-सहा मुलं बसली होती. बाईंनी मुलीला ना मुळाक्षरं विचारली, ना पुस्तक उघडायला लावलं. भाजी निवडता निवडता सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गो, घरात काय चाललंय?"

"काही नाही."

"आई काय करते?"

"आई सारखी लॅपटॉपमध्ये असते."

बाईंनी हात पुसले. लग्नपत्रिकेचा एक पुठ्ठा घेतला, त्याच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलं आणि मुलीपुढे धरलं. "हे तू बोललीस. तेच इथे आहे. आता बोट ठेवून पुन्हा बोल."

मुलीने बोट ठेवलं. एकदा बोलली, दोनदा बोलली. तिसऱ्यांदा पहिल्या शब्दावर अडली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ही आई आहे!" जणू ती कार्डामागे लपली होती. मी दाराशी चपलांजवळ बसले होते. मुलीने आयुष्यात पहिल्यांदा वाचलेलं वाक्य माझ्याविषयीची तक्रार होती, आणि मला रडू येत होतं ते मात्र आनंदाने.

बाईंची पद्धत एवढीच. आधी मूल बोलेल, मग बाई लिहितील, मग मूल वाचेल. जे बोललं तेच लिहायचं, सुधारायचं नाही. एकाचं कार्ड दुसऱ्याला द्यायचं नाही. मी एकदा विचारलं, पन्नास वाक्यं छापूनच का नाही घेत? तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं कशाला भरवायचं? त्याला स्वतःला भूक आहे ना." पस्तीस वर्षं परळच्या शाळेत वरिष्ठांची नजर चुकवून त्यांनी हेच केलं होतं. कुठे लिहून ठेवलं नव्हतं. त्यांना ते लिहून ठेवण्यासारखं वाटलंच नव्हतं.

पाच महिन्यांत मुलगी दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. आणि माझ्या डोक्यात ते आलं. मूल बोलेल, फोन ऐकेल, मोठ्या अक्षरात लिहील, मूल वाचेल. यंत्राला बोलणं ऐकून लिहिता येऊ लागलं होतंच. बाईंची एक खोली. फोन तर घरोघरी.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या घावणे घालत होत्या. तवा उतरवून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"फोन मुलाच्या तोंडाकडे बघेल काय गो?"

"नाही बघणार, बाई. पण ऐकेल."

"ऐकणारं तरी कोण आहे आता पोरांचं," त्या म्हणाल्या. मग तवा पुन्हा ठेवला. घावणा माझ्या ताटलीत टाकून म्हणाल्या, "करून बघ."

मी नोकरी सोडली. नवऱ्याने वर्षभर घर ओढायचं कबूल केलं. आम्ही कंपनी काढली. दोन डायरेक्टर: मी आणि बाई. त्यांचा फोटो काढायला दादरच्या एका स्टुडिओत गेलो, तेव्हा त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. फोटोग्राफरला म्हणाल्या, "नीट काढा हां, डायरेक्टरचा फोटो आहे," आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

पुढचं दीड वर्ष मी ग्रँट शोधत होते. गुंतवणूकदारांकडे जाण्यात अर्थ नव्हता. ज्या मुलांसाठी हे करायचं त्यांच्या आईबापांना विकण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. ग्रँट म्हणजे परत न करायचा पैसा, म्हणून तो मिळवायला सर्वांत जास्त फॉर्म. सरकारी योजना, कंपन्यांचे सामाजिक निधी, कॉलेजांतली स्टार्टअप केंद्रं, परदेशी संस्था. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, प्रश्न तेच. नावीन्य काय? मोजता येईल असा परिणाम काय? पाच वर्षांत किती मुलांपर्यंत पोहोचाल?

शेवटचा प्रश्न मी बाईंना वाचून दाखवला. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "एका वेळी अकरा. बारावं आलं की माझा घसा बसतो."

मी फॉर्मवर लाखांत आकडा लिहिला.

नकार येत गेले. काहींनी मराठीपुरतंच आहे म्हणून नाही म्हटलं, काहींना फक्त गणित आणि विज्ञान हवं होतं. पुष्कळांनी काहीच कळवलं नाही. एका स्पर्धेत आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. ते पैशांत नव्हतं, सर्व्हरच्या वापराच्या कूपनांत होतं. बाईंनी त्याचे पेढे वाटले.

त्या माझ्याबरोबर सगळीकडे यायच्या. पायऱ्या चढताना गुडघा धरायच्या, एसीत स्वेटर घालून बसायच्या, पिशवीत कार्डांचा गठ्ठा आणि माझ्यासाठी डबा. सादरीकरणाची सुरुवात मी नेहमी मुलीच्या त्या पहिल्या वाक्याने करायचे. "आई सारखी लॅपटॉपमध्ये असते." हमखास हशा पिकायचा, आणि पुढची दहा मिनिटं लोक ऐकायचे. एकदा बाहेर पडल्यावर बाई म्हणाल्या, "ते वाक्य तिचं आहे गो. तिला विचारलंस काय, सगळीकडे सांगू म्हणून?" मी म्हटलं, "बाई, अहो, ती आठ वर्षांची आहे." त्यांनी डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्या दिवशी मला ते बारीकसंच वाटलं होतं.

दुसरा प्रश्न यंत्राचा. लालबागच्या मुलांचं बोलणं त्याला कळेना. एक मुलगी बोलली, "माझो बापूस गावाक गेलो." फोनवर उमटलं, "माझा बापू गावात गेला." मी म्हटलं, बरंच बरोबर आलं की. बाई फोन हातात धरून बसल्या. "असं ती बोललीच नाही. हे वाचून तिला काय कळणार? तिला वाटणार, आपण बोललो ते चुकीचं होतं." मग त्यांनी कंबर कसली. चार महिने रोज दुपारी मुलांना घेऊन बसायच्या, बोलायला लावायच्या, मी रेकॉर्ड करायचे, त्या ऐकून जसंच्या तसं लिहून द्यायच्या. आठ वह्या भरल्या. त्या आठ वह्यांवर आमचं यंत्र शिकलं, आणि एके दिवशी फोनच्या पडद्यावर अक्षर न् अक्षर बरोबर उमटलं: माझो बापूस गावाक गेलो. ती मुलगी ओरडली, "माझा बोलणा!" बाईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

त्यानंतर महिनाभरातच एका मोठ्या शैक्षणिक फाउंडेशनने आम्हाला परळच्या त्यांच्या ऑफिसात बोलावलं. सादरीकरण चांगलं झालं. आठवड्याने त्यांची कार्यक्रम अधिकारी फोनवर होती. तिशीची, दादरचीच मुलगी, मनापासून आमच्या बाजूची. तिने मला एकटीला भेटायला बोलावलं. दादरला एका जुन्या हॉटेलात पियूष मागवून बसलो.

"ताई, खरं सांगू? कमिटीला आवडलंय. पण बाईंचा विषय निघाला. पद्धत त्यांची, आणि त्या अडुसष्ट वर्षांच्या. उद्या त्यांचं काही झालं, किंवा त्यांनी नाही म्हटलं, तर आमचा पैसा कशावर उभा? पद्धत, त्या वह्या, सगळे हक्क कंपनीच्या नावावर हवेत. आणि कंपनीत निर्णय घेणारी एकच व्यक्ती असलेली बरी. बाई सल्लागार म्हणून राहू देत ना. मान तोच राहील."

मी ग्लासावरचं पाणी बोटाने पुसत होते.

"तुम्ही त्यांना नीट समजावून सांगा, हं," ती निघताना म्हणाली. "त्यांना वाईट वाटायला नको."

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. तिने मला सांगितलं होतं, समजावून सांगा म्हणून.

कागद तयार झाले. डायरेक्टरपदाचा राजीनामा, हक्क कंपनीला देत असल्याचा करार, सल्लागार म्हणून नेमणुकीचं पत्र. सगळं इंग्रजीत, एकूण चौदा पानं. गिरगावातून बसने लालबागला जाताना मी मनात वाक्यं जुळवत होते. बाई, हे असं असं आहे. बाई, नाव जातंय पण काम आपलंच राहील. भायखळ्याच्या पुलापर्यंत ती वाक्यं ठीक वाटत होती. बस लालबागला पोचली तोवर मला वाटायला लागलं, त्या नाही म्हणाल्या तर? नवऱ्याने कबूल केलेलं वर्ष कधीच संपून गेलं होतं. घरात त्यावर बोलणं बंद झालं होतं, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. दीड वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी हो म्हणत होतं.

बाई मुलांना सोडून नुकत्याच टेकल्या होत्या. मला बघून उठल्या. "बस गो, चाय ठेवतंय." चहा झाला. कुणाची कार्डं किती झाली ते सांगून झालं. मी पिशवीतून कागद काढले.

"बाई, फाउंडेशनचे कागद आलेत. तीन सह्या हव्यात तुमच्या."

"मिळाली काय गो ग्रँट?"

"जवळजवळ."

त्यांनी दोन्ही हात जोडून देव्हाऱ्याकडे बघितलं. मग चष्मा शोधायला लागल्या. उशीखाली नव्हता, कपाटावर नव्हता. मी जागची हलले नाही. चष्मा खिडकीत तांदळाच्या डब्यामागे होता. मला तो दिसत होता.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू वाचलंस मां?"

"हो, बाई."

"मग झाला तर. खय करूची सही?"

मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. शाळेच्या दाखल्यांवर करायच्या तशी, पूर्ण नाव, सावकाश, शेवटी खाली एक रेघ. तीनदा. आणि मी वाचलं होतं, हे खरंच होतं. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते.

जिना उतरताना वाटलं, परत जावं. पहिल्या मजल्यावर मी थांबलेही. मग फोन वाजला, पलीकडे कार्यक्रम अधिकारी: झाल्या का सह्या? मी झाल्या म्हटलं आणि खाली उतरले.

ग्रँटचा पहिला हप्ता आला. आम्ही परळला एका इमारतीत चार टेबलांची जागा घेतली, तीन मुलं-मुली कामाला ठेवली. बाई आठवड्यातून दोनदा येऊन बसायच्या, त्यांना वाटायचं काम त्यांचंही आहे. सल्लागाराच्या पत्राची प्रत मी त्यांना दिलीच नव्हती.

सहा-सात महिने गेले. एका दुपारी बाईंचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. माझगावच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका त्यांच्याकडे येऊन गेल्या होत्या. शाळेतल्या शिक्षिकांना बाईंनी पद्धत शिकवावी आणि त्यावर एक छोटी पुस्तिका लिहावी, शाळा छापून घेईल, असं ठरत होतं. "पस्तीस वर्षांत मला कोणी लिहा म्हटलं नाही गो. आता हात थरथरतो तर लिहा म्हणतात."

मी म्हटलं, "छानच. फक्त फाउंडेशनला एकदा विचारायला लागेल."

"त्यांना कशाला?"

"विचारते मी," म्हणून मी फोन ठेवला.

फाउंडेशनचं उत्तर दोन ओळींचं होतं. प्रकल्प चालू असेपर्यंत पद्धत बाहेर प्रसिद्ध करू नये. कराराप्रमाणे ती कंपनीची आहे.

आता जाऊन सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी गेले तेव्हा बाई पुस्तिकेच्या पहिल्या पानाशी बसल्या होत्या. रेघांच्या कागदावर चार ओळी लिहिलेल्या. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांना आधी कळलंच नाही.

"माझीच पद्धत. मी कोणाला विचारू?"

"बाई, ती कंपनीच्या नावावर आहे आता. तुम्ही सही केली होती."

"कंपनी म्हणजे आपणच की दोघी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कागद आहेत तुझ्याकडे?"

मी आणले होते. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. त्यांचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं. प्रत्येक ओळीखाली बोट सरकत होतं, ओठ हलत होते. अडलं की मला विचारायच्या नाहीत, मागे जाऊन पुन्हा वाचायच्या. खाली रस्त्यावर चिवड्याच्या दुकानातला झारा वाजत होता. मुलांची यायची वेळ झाली. दोघं-तिघं दाराशी आली, बाईंचा चेहरा बघून परत फिरली. मी सतरंजीच्या कडेला बसून राहिले. सव्वा तास लागला.

शेवटचं पान झाल्यावर त्यांनी कागद नीट एकावर एक लावले.

"तीन वाक्यांत सांगता आलं असतं गो हे सगळं," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी बोलायला लागले. कमिटी, दीड वर्ष, घर. त्यांनी हात वर केला.

"सांगितलं असतंस तरी मी सही केली असती. पोरांचं होतंय म्हटल्यावर माझं नाव घेऊन मी काय करणार होते? पण तू विचारलं नाहीस." मग हळू, "मी पण वाचलं नाही. जन्मभर पोरांना वाचा, वाचा करत आले."

त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चार ओळींचा तो कागद घडी करून वहीत ठेवला आणि दार उघडून मुलांना हाका मारल्या.

ऑफिसात त्या पुन्हा आल्या नाहीत. मुलीने विचारलं, मी शनिवारी बाईंकडे जाऊ का, तेव्हा मी म्हटलं, तुला आता वाचता येतं, कशाला. ती म्हणाली, "मी वाचायला नाही जात, बाईंकडे जाते." ती जात राहिली. बाईंनी तिच्याजवळ माझ्याविषयी एक अक्षर काढलं नाही, हे मला तिच्या हसऱ्या चेहऱ्यावरून दर शनिवारी कळायचं. शेवटी मीच तिला सगळं सांगितलं. तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग तू सॉरी म्हणालीस का?" मी म्हणाले नव्हते. मी खुलासे केले होते.

अ‍ॅपचं काय झालं तेही सांगायला हवं. फाउंडेशनला हिंदी आणि इंग्रजी हवं होतं. त्या भाषांत मुलांचं बोलणं टिपून घेणाऱ्या बाई आमच्याकडे नव्हत्या, वेळही नव्हता. मग तयार वाक्यं घातली. आधी पन्नास, मग पाचशे. मुलाने ती ऐकायची आणि वाचायची. वाघ आला. तारे आले. उद्घाटनाला हॉलमध्ये टाळ्या पडल्या, आणि मी व्यासपीठावरून मुलांच्या स्वतःच्या आवाजाविषयी बोलले. समोर पडद्यावर फुगे फुटत होते.

वर्ष संपताना फाउंडेशनचं धोरण बदललं. लहान मुलांचं वाचन मागे पडून तरुणांच्या रोजगाराचं काम पुढे आलं. कार्यक्रम अधिकारी दुसरीकडे गेली. जाताना तिने मला फोन केला होता, वाईट तिलाही वाटत होतं. पुढचा हप्ता आला नाही. आणखी काही महिने मी फॉर्म भरले. मग चार टेबलं विकली आणि कंपनी बंद करायचा अर्ज दिला. मी पुन्हा नोकरी धरली.

कंपनी बंद करताना एक काम मी हट्टाने केलं. पद्धतीचे आणि वह्यांचे सगळे हक्क बाईंच्या नावावर परत केले. वकिलाला मराठीत लिहायला लावलं. एक पान झालं. ते आणि आठ वह्या घेऊन, कळवून, एका रविवारी सकाळी मी लालबागला गेले. मनात काय होतं? त्या रागावतील, चार शब्द सुनावतील, मी माफी मागेन, त्या "गप गो" म्हणतील. इतकं सगळं मी येताना ठरवून आले होते.

बाईंनी दार उघडलं. थकल्या होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला.

"या," त्या म्हणाल्या. "बसा."

खुर्ची पुढे केली. त्या घरात खुर्चीवर मी कधी बसले नव्हते. चहा कपबशीत आला, ट्रेमध्ये, शेजारी बिस्किटांची बशी. "साखर कमी-जास्त झाली असेल तर सांगा." माझ्या आईची चौकशी केली. नोकरी कुठे लागली, विचारलं. बोलणं शुद्ध, शाळेतलं, पाहुण्यांशी करायचं. मालवणीचा एक शब्द नाही, एक "गो" नाही. मी वह्या टेबलावर ठेवल्या, वर तो कागद. काय आहे ते सांगितलं. यावेळी तीन वाक्यांतच.

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. "ठेवा तिथे. सवडीने बघते."

माझगावच्या पुस्तिकेचं मी विचारलं. त्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या होत्या, नवीन आलेल्यांना त्यात रस नव्हता. "आणि आता हातही चालत नाही," त्या म्हणाल्या, तक्रारीच्या सुरात नव्हे, हवापाण्याचं सांगावं तसं.

मग मी म्हटलं, "बाई, माझं चुकलं." इतक्या उशिरा.

त्यांनी मान हलवली. डोळ्यांत काही कडवट नव्हतं, तेच जास्त लागलं. "झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नका." आणि रिकामी कपबशी उचलताना, "गुडघ्यामुळे खालपर्यंत यायला जमत नाही हल्ली. जिन्याला कठडा सैल आहे, सांभाळून उतरा."

मी सांभाळून उतरले.

घरी आले तेव्हा नवरा गॅलरीत कपडे वाळत घालत होता. सगळं त्याला माहीत होतं. मी सकाळी निघताना त्यानेच वह्यांची पिशवी खाली आणून दिली होती.

"काय म्हणाल्या?"

"या, बसा म्हणाल्या."

त्याचा हात दोरीवरच थांबला. "तुला?"

मी हो म्हटलं. मग बादलीतला उरलेला टॉवेल उचलून मीच वाळत घातला. आत मुलगी उद्याच्या पेपरचा धडा मोठ्याने वाचत होती.